शून्यं मोजायची राहिली

मित्रांनो, सुरुवातीलाच कबूल करतो, मला शून्यं कळत नाहीत. पन्नास आणि पाच लाख माझ्या लेखी सारखेच. मी एक जुना स्लाइड रूल आहे, म्हणजे गुणाकार-भागाकार करणारी सरकती पट्टी. माझी मधली पट्टी सरकवली, वरची काच रेघेवर आणली की मी आकडा दाखवतो. तो पाच असेल, तर ते पाचशे की पाच दशांश, हे माणसानंच ठरवायचं. त्यामुळे जन्मापासून माझ्या जिवाला घोर आहे.

माझं अंग बांबूचं, वर पांढरा मुलामा. बद्रीनाथ मास्तरांनी मला हैदराबादेतून विकत घेतलं, तेव्हा निजामाचं राज्य होतं. पोलीस ॲक्शननंतर ते औरंगाबादच्या एका शाळेत उर्दूतून शिकलेलं गणित मराठीतून शिकवू लागले. मी त्यांच्या सदऱ्याच्या खिशात असायचो. मला बाहेर काढलं की वर्ग माना उंच करून बघायचा, आणि मला उगाच ऐट यायची. मास्तर मात्र प्रत्येक गणितात बोटांच्या पेरांवर शून्यं मोजत. तेवढा वेळ मी श्वास रोखून असे.

एकदा ती पेरं मोजायची राहिली.

चितेगावच्या बानाबाई शाळेत आल्या होत्या. मेंढरं राखणारी बाई. त्यांचा मुलगा भिकन मास्तरांचा जुना विद्यार्थी, तीन वर्षांपूर्वी आगबोटीवर नोकरीला लागलेला. त्याचं पत्र मास्तरांनी व्हरांड्यात वाचून दाखवलं. बोट मुंबईपासून १,३४५ लीगवर होती. बोटीवरचा म्हातारा सारंग, म्हणजे खलाशांचा मुकादम, अजून जुन्या लीगमध्येच मोजायचा. एक लीग म्हणजे तीन सागरी मैल. आणखी दोन वर्षं नोकरी देताहेत, घेऊ की परत येऊ, लगेच कळव, असं भिकननं विचारलं होतं.

"मास्तर, म्या समिंदर बघितला नाय. सूर्य तेवढा रोज बघते, त्याच्यावरच मेंढरं हाकते. त्याच्या मापानं सांगा, पोरगं किती लांब हाय?"

मास्तरांना प्रश्न फार आवडला. खगोलशास्त्रात पृथ्वीपासून सूर्यापर्यंतचं अंतर एक एकक धरतात, आणि ते होतं सुमारे दोन कोटी एकोणसत्तर लाख लीग. त्यांनी मला बाहेर काढलं, पट्टी सरकवली. मी पाच दाखवला.

"पॉइंट पाच," मास्तर पुटपुटले. एवढ्यात घंटा झाली. "म्हणजे अर्धं..." म्हणत ते वर्गाकडे धावले. मला ओरडून सांगावंसं वाटलं, पण बांबूला कुठला आवाज?

तास संपताना मास्तरांनी सवयीनं पेरं मोजली आणि हातातला खडू खाली ठेवला. पाचाच्या आधीची चार शून्यं राहून गेली होती! ते व्हरांड्यात आले. बानाबाई नव्हत्या. शिपाई म्हणाला, "म्हातारी रडत एसटीला गेली. पोरगं सूर्याच्या अर्ध्या वाटंवर हाय म्हनं, करपून जाईल. नोकरी सोडून ये म्हणून आजच पत्र धाडते म्हनली."

मास्तरांनी सायकल काढली. बारा मैल, डोक्यावर ऊन, मी खिशात घामानं भिजत होतो. आकडा माझा होता ना! चितेगावची टपाल पेटी चार वाजता उघडायची. भिकनची नोकरी माझ्या एका पाचापायी जाणार, एवढंच मला वाटेवर दिसत होतं.

आम्ही पोचलो तेव्हा पोस्टमन रामकिसन पेटीतली पत्रं थैलीत भरत होता. बानाबाई शेजारीच उभ्या होत्या. "थांब, थांब!" मास्तर सायकल टाकून धावले. "बानाबाई, चूक माझी झाली. सूर्य वीस मैलांवर पैठणला आहे असं समजा, तर भिकन तुमच्यापासून दोन पावलांवर आहे. दोनच पावलं!"

बानाबाईंनी पैठणच्या रस्त्याकडं पाहिलं. मग स्वतःपुढच्या दोन पावलांच्या मातीकडं बघत राहिल्या.

"सूर्य पैठणला, तरी रोज माझ्या दारात येतो, मास्तर. माझा दोन पावलांवर, अन् तीन वर्सं झाली, दिसला नाय."

मास्तरांचा हात सवयीनं खिशाकडं, माझ्याकडं गेला. पण मला पाचाखेरीज काहीच येत नव्हतं.

बानाबाईंनी डोळे पुसले. "रामकिसन, दे त्ये पत्र माघारी. मास्तर, दुसरं लिवा. नोकरी सोडू नको म्हनावं. पर सुट्टी भेटली की आधी दारात ये."

भिकन दीड वर्षानं आला. आईला घेऊन शाळेतही आला, मास्तरांच्या पाया पडला. त्या दिवशी मास्तरांनी मला खिशातून काढलंच नाही.

पुढं कॅल्क्युलेटर आले. मास्तर गेले. मी आता छत्रपती संभाजीनगरात त्यांच्या नातीच्या कपाटात पडून आहे. पट्टी अडकते, काचेला तडा गेलाय. मित्रांनो, कधी जमलं तर मला कोरड्या फडक्यानं पुसा. नाही जमलं तरी चालेल. पण आपलं माणूस किती लांब आहे, असं विचारत कुणी तुमच्याकडं आलं, तर घंटा झाली तरी लगेच पळू नका. त्याच्याजवळ थांबा, आणि सगळी शून्यं मोजून मगच उत्तर द्या.