चाकांवरच्या घराची शपथ

मी एक घर बोलत आहे. मात्र घर म्हणवून घेण्याचा हक्क मला फार उशिरा मिळाला.

अमेरिकेतल्या नेब्रास्काच्या माळावर लेम्युएल हास्किन या तरुण वकिलाने मला पाइनच्या फळ्यांतून बांधवून घेतले. दार, खिडकी, छपरावर धुराडे आणि खाली चाके. सरकारी जमिनीवर जो घर करून राहील त्याची ती जमीन, असा तेव्हाचा कायदा होता. हास्किन भाडे घेऊन, बैल जुंपून मला हव्या त्या जमिनीवर उभे करी. भाडेकरू एक रात्र माझ्यात घोरे आणि सकाळी जमीन कचेरीत शपथ घेई की, येथे माझे घर आहे. मला कुतूहल वाटे: इतकी माणसे माझ्या नावाने शपथ घेतात, मग आत येताना पाय कोणीच का पुसत नाही?

सायरस पेकने मला भाड्याने नेऊन जी जमीन आपली म्हणून सांगितली, तिच्यावर गुनहिल्ड ही नॉर्वेहून आलेली विधवा आधीपासून राहत होती. टेकाडाच्या पोटात खोदलेली खोली हेच तिचे घर. पेक म्हणाला, ते घर नव्हे, बीळ आहे. बाई वकील शोधत आली ती हास्किनकडेच. माळावर दुसरा वकील नव्हता. तिचे म्हणणे ऐकताना तो माझ्या पायरीवर बसला होता. ती गेल्यावर बराच वेळ माझ्या धुराड्याकडे पाहत राहिला.

सुनावणी दुकानापुढच्या मोकळ्या जागेत होती. हास्किनने मला तेथेच ओढून आणले. घराचा मालकच उलटेल, असे पेकला वाटले नव्हते.

हास्किनने पेकला विचारले, "हेच ना तुझं घर?"

"हेच. तुला ठाऊक नाही होय?"

"स्वयंपाक यातच करायचास?"

"मग काय, तुझ्या टोपीत?"

लोक हसले. हास्किनही हसला. "मग राख कुठं टाकलीस?"

बाईच्या दाराशी गुडघाभर राख साचलेली साऱ्यांनी पाहिली होती. हास्किनने वर चढून माझे धुराडे उपटले. खाली भोकच नव्हते.

न्यायाधीशांनी विचारले, "हे खोटं धुराडं ठोकलं कुणी?"

"मीच, साहेब. घरही माझंच."

बाईला जमीन मिळाली. हास्किनची वकिली गेली. मग तो राज्याच्या विधिमंडळासाठी उभा राहिला आणि माझ्याच पायरीवरून गावोगाव भाषणे करू लागला. विरोधक त्याला लबाड म्हणत. त्यावर एका म्हाताऱ्याने तंबाखू थुंकून म्हटले, "लबाड तर सगळेच. हा निदान धुराडं काढून दाखवतो." तो निवडून आला आणि राजधानीला जाताना मला बाईला देऊन गेला. तिने चाके काढली, छपराला भोक पाडले, चूल पेटवली. पहिला धूर माझ्या अंगातून गेला तेव्हा धुराडे कशासाठी असते, ते मला कळले.

पुढे दाढी पिकल्यावर सिनेटर हास्किन एकदा आला. एकेकाळी माझी किल्ली त्याच्याच खिशात असे. त्याने दार ठोठावले.

"आत येऊ का, बाई?"

"या. पण पाय पुसून."

सिनेटरने पाय पुसले, दोन्ही, नीट.

आता दोघेही नाहीत आणि माझे छप्पर खचले आहे. माझ्या फळ्या न्यायला याल तेव्हा त्या खुशाल न्या. मात्र त्याआधी मागे, गवताखाली, हाताने थोडे उकरून पाहा. तेथे राख लागेल.