बोरटोल्याच्या चौदा पायऱ्या

माझ्या आयुष्यातली तीन उमेदीची वर्षं मी एका अशा भाषेत घालवली, जी कुणी बोलत नव्हतं आणि कुणी वाचू नये अशीच माझी इच्छा होती. तरी ती लाखनीतल्या एका बाईला पाठ झाली. मला त्या गोष्टीचा संताप यायचा. तो संताप कुठे जाऊन पोचला, ते सांगतो.

साल १९८७. जिल्ह्याच्या पाणीवाटप केंद्रात मी एकटा प्रोग्रामर. बाकी सगळे मला 'संगणकवाले' म्हणत आणि पंखा बंद पडला तरी मलाच बोलावत. आमचं काम एवढंच. ऑक्टोबरात पाऊस गेलेला असतो आणि उशिरा पिकणारं भारी धान निसवायला लागलेलं असतं. त्या वेळी बांधीत, म्हणजे धानाच्या शेतात, पाणी नसलं तर लोंबी येते, पण दाणा भरत नाही. तलावात पाणी असलं तर निभतं, नसलं तर मोठ्या धरणाच्या नहराचं, म्हणजे कालव्याचं, पाणी पाळीपाळीने द्यायचं. ज्या गावच्या तलावात पाणी कमी, त्याची पाळी आधी. दर सोमवारी गावोगावचे पाणकर, म्हणजे तलावाचं पाणी सोडणारी माणसं, गेटाजवळच्या पाण्याखाली गेलेल्या दगडी पायऱ्या मोजत आणि आकडा चिठ्ठीवर लिहून पाठवत. त्यावरून मशीन पाळ्यांची यादी छापे. पश्चिमेकडच्या गावांची यादी भंडाऱ्यात निघे, पूर्वेकडच्या त्रेचाळीस गावांची लाखनीत.

म्हणजे मशीनही दोन. भंडाऱ्याचं नवं, लाखनीचं जुनं. एकाची फ्लॉपी दुसऱ्यात जात नसे, मापानेच जात नसे. दोघांसाठी वेगवेगळे प्रोग्राम कोण लिहिणार? म्हणून मी एक कंपायलर लिहिला. केंद्राच्या साहेबांचे नियम माणसाला वाचता येईल अशा वरच्या भाषेत लिहायचे, कंपायलर त्यांची मधली भाषा करणार, आणि त्या मधल्या भाषेवरून प्रत्येक मशीन आपापल्या कामाचा प्रोग्राम बनवणार. फ्लॉपी जात नाही, तर ही मधली भाषा कागदावर छापायची. मग आमचा शिपाई इश्वर तो गठ्ठा एसटीने लाखनीला नेई आणि तिथे पुष्पाबाई तो अक्षर न अक्षर पुन्हा टाइप करत.

पुष्पाबाई चाळिशीच्या, आधी टायपिस्ट होत्या. एक ओळ त्यांनी कधी चुकवली नाही. पण टाइप करता करता त्यांना ती भाषा कळायला लागली, आणि तिथेच घोटाळा झाला. एखादा नियम बदलायचा तर माझ्याकडून नवा गठ्ठा यायला चार दिवस लागत. तेव्हा बाई मधल्या भाषेतच दोन ओळी बदलून मोकळ्या होत. मला कळलं तेव्हा अर्ध्याहून जास्त गावांच्या फायलींत त्यांचा हात फिरला होता.

"ही भाषा माणसांसाठी नाहीच आहे, बाई," मी फोनवर ओरडलो होतो. "ती मी उद्या बदलेन, परवा बदलेन. तुम्ही तिच्यात लिहीत बसलात तर मी बदलू कशी?"

"मंग बदलू नका ना, सर," त्या शांतपणे म्हणाल्या.

मी बदलली. बदलावीच लागली. पहिल्या भाषेत सगळे आकडे नुसते आकडे होते. एकदा एका फाईलमध्ये एकर आणि तास यांची बेरीज झाली, कुणाच्या लक्षात आली नाही, आणि एका गावाला सलग एकतीस तास नहर सुटून राहिला. साहेबांनी मला उभं करून झापलं. मग मी ठरवलं, यापुढे प्रत्येक आकड्याला जात असेल. पायरी ती पायरी, एकर ते एकर, तास ते तास. पायरीत तास मिसळले की कंपायलरने तिथेच अडवायचं. हे काम दिसतं तेवढं सोपं नाही. आकड्यापुढे अक्षर घातलं, मग अक्षर आणि आकड्यात कोलन घातला, मग कंस घातले, मग ओळीचा क्रमच उलटा केला, कारण आधीचा क्रम नव्या जातींना पुरेना. दर वेळी इश्वर गठ्ठा घेऊन जाई आणि दर वेळी लाखनीहून फोन येई.

"सर, मागच्या महिन्यात स्वल्पविराम काढाले लावले. आता परत टाकाचे?"

"हो."

"काहून?"

काहून! मला हा प्रश्न इतका झोंबायचा. सगळ्या जिल्ह्यात असं कुणी नव्हतं ज्याच्याशी मी यावर दोन वाक्यं बोलू शकेन, आणि जी एक बाई बोलू शकत होती, तिच्याशी मी भांडत होतो.

ऑगस्टात मी स्वतः लाखनीला गेलो. बाईंच्या फायली नव्या रूपात आणायला मी एक प्रोग्राम लिहून नेला होता. दुपारभरात त्रेचाळीस गावांच्या फायली बदलून झाल्या. ज्या ओळींना काही अर्थ उरला नव्हता, त्या त्याने आपणहून गाळल्या. त्यातली एक ओळ बोरटोल्याच्या फाईलमध्ये होती: आकडा शून्याहून कमी असेल तर त्यात चौदा मिळवा. मला हसू आलं. पाण्याखालच्या पायऱ्या शून्याहून कमी कशा असतील? माझ्या नव्या जातीत पायरी उणे असूच शकत नव्हती, म्हणजे ती ओळ कधी चालणारच नव्हती. गेली. ती गेल्याचं मला समाधानही वाटलं, खोटं कशाला बोलू?

सप्टेंबरच्या शेवटच्या सोमवारी फोन आला.

"सर, बोरटोल्याचा आकडा मशीन घेऊन नाई राहिली. उणे सहा टाकलं का बोंबलते."

"पायरी उणे नसते. सहा टाका."

"पण सर, बोरटोल्यात—"

"बाई, मशीनला गाव नसतं! चिठ्ठीवर काय आहे?"

"सहा."

"मग सहा टाका. चिठ्ठीवरचा आकडा तसाच टाकायचा, लेखी हुकूम आहे."

हुकूम माझाच होता. कुणी आपल्या गावासाठी आकडा फिरवू नये म्हणून काढलेला. बाई म्हणाल्या, "बरं, सर." त्या आठवड्यात इश्वरबरोबर त्यांची एक पाकीटबंद चिठ्ठी आली. पुन्हा स्वल्पविरामांची तक्रार असणार म्हणून मी ती ड्रॉवरमध्ये टाकली. वरून चार गठ्ठे पडले आणि मी तिला विसरलो.

ऑक्टोबर आला. आकाश कोरडं. लाखनीहून येणाऱ्या याद्या मी भिंतीवर लावत होतो, कारण सगळं पहिल्यांदाच सुरळीत चाललं होतं. एकही चूक नाही, कंपायलर कुठे अडत नाही. गावागावांतलं पाणी उतरत होतं: पाच, चार, तीन. बोरटोल्याचं तेवढं सहा, आठ, नऊ, अकरा. यादीत बोरटोलं दर आठवड्याला खाली खाली सरकत होतं आणि त्या महिन्यातल्या नहराच्या दोन्ही पाळ्या दुसऱ्या गावांना गेल्या. पाऊस नसताना एका तलावाचं पाणी चढतं कसं, हा प्रश्न चौथीतल्या पोरालाही पडला असता. मला पडला नाही. मी जातीच तपासत होतो.

महिनाअखेरीस साहेबांना दाखवायचा अहवाल घ्यायला मी लाखनीला गेलो. बाई मशीनसमोर होत्या. माझ्याकडे न बघताच त्यांनी खुर्ची पुढे सरकवली. अकराच्या सुमारास एक म्हातारा माणूस आत आला. धोतर गुडघ्यापर्यंत, पायाला चिखल नाही, नुसती धूळ. खांद्यावरच्या दुपट्ट्यात काहीतरी बांधलेलं.

"रामराम. मी कवडू. बोरटोल्याचा पाणकर," तो म्हणाला. "या खेपेले चिठ्ठी मीच घेऊन आलो."

मी चिठ्ठी घेतली. चौदा.

"अरे वा!" मी म्हणालो. देवाशप्पथ, असंच म्हणालो. "चौदा! तुमचा तलाव तर काठोकाठ आहे की!"

कवडू माझ्याकडे बघत राहिला. मी थट्टा करतोय की काय, हे त्याला कळत नसावं. मग त्याने दुपट्टा सोडला आणि धानाची एक मूठ टेबलावर ठेवली. लोंब्या पांढऱ्या पडल्या होत्या, ताठ उभ्या. मी एक चुरगाळली. आत काही नव्हतं.

"तलावात चिखल बी नाई राह्यला, साहेब," तो म्हणाला. "चौदाच्या चौदा पायऱ्या उघड्या पडल्या. आता मोजाले काई नाई, हेच सांगाले आलो."

मी पुष्पाबाईंकडे बघितलं. त्यांनी पडद्यावरची नजर हलवली नाही.

"बोरटोल्यात उघड्या पायऱ्या मोजतेत, सर," त्या म्हणाल्या. "खालच्या पायऱ्या गाळात गेल्या. पाण्यात किती आहेत ते कोणालेच नाई दिसत. म्हणून माह्या आज्यापासून वरून मोजतेत. जेवढ्या उघड्या तेवढं पाणी कमी. म्हणून मी उणे लावत होती आन् चौदा मिळवत होती. आकडा चिठ्ठीचाच, तुमच्या हुकमातला."

"तुमच्या आज्यापासून?"

"माहेर आहे माहं. हा माहा भाऊ."

माझे कान तापले. "मग तुम्ही ओरडला का नाहीत? दर सोमवारी तुम्ही स्वतःच्या हाताने तो आकडा टाकत होता!"

आता त्या वळल्या. "फोनवर सांगाले गेली, तुमी सांगू नाई देलं. मंग चिठ्ठी लिहिली. जवाब नाई. तिसऱ्यांदा कोणत्या तोंडानं सांगू? ऑफिसात सारे म्हणले असते, पुष्पाबाई माहेराले पाणी ओढून राहिली. तुमीच पयले म्हणले असते, सर."

म्हणालो असतो. मला स्वतःचा राग आला. कवडू मात्र बहिणीवर चिडला. "तुले मालूम होतं, पुष्पे? महिनाभर मी गावाले सांगून राहिलो का लाखनीत आपली पुष्पा बसली आहे, पाळी येते म्हणून! लोकाईनं दुसरीकडून पाणी ओढाले इंजिन बी नाई लावलं." बाईंनी डोळे पदराने पुसले आणि त्या पुन्हा की-बोर्डकडे वळल्या.

मी साहेबांना फोन लावला. लाइन लागायला पाऊण तास गेला. यादी बदलायची तर चूक लेखी कबूल करा, म्हणाले. केली. मग ती मंजूर व्हायला एक दिवस, नहरावर माणूस पाठवायला दुसरा. तिसऱ्या दिवशी बोरटोल्याला पाणी सुटलं. नहराच्या तोंडाशी ज्यांच्या बांध्या होत्या, त्यांचं उशिरा निसवलेलं थोडं धान हाती लागलं. कवडूची बांधी सगळ्यात शेवटी. गावाला पाणी देणाऱ्याने स्वतः शेवटी घ्यायचं, ही तिथली रीत. पाणी तिथवर पोचलं तेव्हा त्याच्या धानात भिजण्यासारखं काही उरलं नव्हतं.

भंडाऱ्याला परतून मी ड्रॉवर उपसला. पाकीट तळाशी होतं. आत माझ्याच मधल्या भाषेत, माझ्याच नव्या लेखनात, प्रत्येक कंस आणि स्वल्पविराम जागच्या जागी ठेवून, सात ओळी होत्या. बाईंनी पायरीच्या दोन जाती केल्या होत्या, एक बुडालेली आणि एक उघडी. एकीत दुसरी मिसळली की अडवायचं, आणि एकीची दुसरी करायची तर त्या गावच्या एकूण पायऱ्या विचारायच्या. मला जे तीन वर्षांत सुचलं नाही, ते एका पानावर होतं. खाली लिहिलं होतं, 'सर, असं चालेल का?'

मी त्या सात ओळी जशाच्या तशा घेतल्या. पुढच्या गठ्ठ्याबरोबर स्वतः लाखनीला गेलो आणि टाइप करायला बाईंच्या शेजारी बसलो. मी वाचत होतो, त्या टाइप करत होत्या. त्रेचाळीसांपैकी आणखी दोन गावं उघड्या पायऱ्या मोजणारी निघाली. त्यांचे तलाव मोठे म्हणून निभावलं होतं. माझी माफी बाईंनी ऐकून घेतली, पण "असू द्या, सर" म्हणाल्या नाहीत.

दर डिसेंबरात पुष्पाबाई ऑफिसात पोहे आणत. भावाकडच्या नव्या धानाचे, घरी कांडलेले, जाड, लालसर. कच्चेच गूळ-खोबरं घालून सगळ्यांना देत, आणि इश्वर त्यातले माझ्यासाठी पुडीत बांधून आणी. त्या डिसेंबरातही पुडी आली. मी उघडली. पोहे पांढरेशुभ्र होते, कागदासारखे पातळ.

"हे कुठले रे?" मी विचारलं.

"लाखनीचे, सर. दुकानचे," इश्वर म्हणाला. "बाई म्हणे, दरसाल देतो, तर सरले देल्याशिवाय कसं राहाचं?"

मी पुडी पुढ्यात घेऊन बसलो. इश्वर समोर उभा होता, गठ्ठ्याची वाट बघत. एक घास मी खाल्ला, दुसरा माझ्याने खाववला नाही.