एकोणतीस फेब्रुवारीचं पुस्तक

जावईबापूंना मिळवायचा होता एक टी-शर्ट. काळा, छातीवर मेळ्याचं चित्र. ऑफिसातल्या सात जणांकडे तो होता आणि आठवे हेच, म्हणून थोडी अब्रूही जमेला धरायची.

ऑक्टोबरच्या त्या मेळ्याची अट सोपी होती. ओपन सोर्स, म्हणजे कुणीही उघडून पाहावं आणि सुधारावं असं सॉफ्टवेअर. त्यात महिन्याभरात चार दुरुस्त्या सुचवायच्या. सांभाळणाऱ्याने त्या स्वीकारल्या की टी-शर्ट घरपोच. जावयाने तीन उरकल्या होत्या. पहिलीत माहितीपत्रातला एक स्वल्पविराम काढला, दुसरीत तो परत घातला, तिसरीत शेवटी 'धन्यवाद' लिहिलं. सांभाळणारा बिचारा भला माणूस असावा.

चौथीला घरचंच माणूस होतं. सासूबाई निवृत्त ग्रंथपाल. वाचनालयातल्या नोंदी ठेवणारा प्रोग्राम त्यांनी स्वतः शिकून लिहिला, जगाला फुकट वाटला आणि आता डोळ्यांत तेल घालून सांभाळत होत्या. त्यांच्या वाचनालयात पुस्तकाची मुदत दोन आठवडे, पण उशिराला पैशांचा दंड नव्हता. जितके आठवडे उशीर, तितक्या पुस्तकांना कव्हर घालून द्यायचं.

जावयाने त्यांच्या माहितीपत्रात एक हसरा चेहरा चिकटवून पाठवला. सासूबाईंनी तो परत पाठवला आणि जेवताना आणखी एक पोळी वाढत म्हणाल्या, "जावईबापू, रंगरंगोटी पुरे. एकोणतीस फेब्रुवारीला नेलेलं पुस्तक मागायला हा प्रोग्राम पुढच्या एकोणतीस फेब्रुवारीची वाट बघत बसतो. तेवढं दुरुस्त करा."

जावयाने आशेने बायकोकडे पाहिलं. ती भाजी छान झाल्याचं आईला सांगत होती.

मग रोज ऑफिसातून आलं की जावईबापू कामाला बसत. मान अवघडू नये म्हणून स्क्रीन एका जाडजूड पक्षिकोशावर ठेवलेली. सासूबाईंनी दुरुस्ती पाच वेळा परत पाठवली. सहाव्यांदा मात्र ती इतकी नेटकी उतरली, की गडी स्वतःवरच खूश झाला.

चोवीस तारखेला, शनिवारी, मेळ्यातली मंडळी वाचनालयात जमली. वीसेक खुर्च्या, भिंतीवर मोठा पडदा. सासूबाईंनी सर्वांसमोर चौथी दुरुस्ती स्वीकारली, टाळ्या झाल्या, आणि नवा प्रोग्राम तिथल्या तिथे चालवून दाखवला. पडद्यावर एकच ओळ उमटली: सभासद एकशे बारा, पक्षिकोश, नेला एकोणतीस फेब्रुवारीला, उशीर बत्तीस आठवडे.

"एकशे बारा तूच ना रे?" बायकोने विचारलं. हळू विचारलं असतं तरी चाललं असतं.

जावयाने सासूबाईंना कसंबसं विचारलं, की आई, तुम्हाला हे ठाऊक होतं का.

"घरी येते तेव्हा दिसतो की स्क्रीनखाली," त्या म्हणाल्या. "पण जावयाला तोंडाने कसं मागायचं? प्रोग्रामने मागितलं की नात्याला धक्का नाही."

टी-शर्ट आला. मापाला लहान निघाला, बायकोला मात्र अगदी शिवून घेतल्यासारखा बसला. मेळ्याच्या आकड्यात एका दुरुस्तीची भर पडली, सासूबाईंचा प्रोग्राम बरा झाला, पक्षिकोश कपाटात गेला. स्क्रीन चार बोटं खाली आली, तेव्हा मान अवघडली ती जावयाची, आणि तशाच मानेने बत्तीस कव्हरं घातली तीही त्यानेच.