छतावरचं खाचर

कुवेतच्या माणसाने आपल्याला पावसाविषयी सल्ला द्यावा, याची झहूरला इतकी गंमत वाटली की त्याने घरमालकासाठी आणखी एक चहा मागवला.

घरमालक बू नासिर तरुणपणी गलबतातून मुंबईला खजूर नेत असे, त्यामुळे त्याला हिंदी येत होतं. त्याने समजावून सांगितलं, हिवाळा आलाय, छतावर भुसा मळलेल्या मातीचा नवा थर दे आणि लाकडी पन्हळी साफ कर, म्हणजे पाणी सरळ गल्लीत जाईल. घर मातीचं, छतही मातीचंच. खाली वासे, वर चटया. झहूरने मान डोलावली. तो दाभोळजवळचा. इथला वर्षभराचा पाऊस त्याच्या आईच्या टोपात मावला असता.

पण काम चोख व्हायला हवं होतं, कारण रहिमा. माहेरी गळतीखाली भांडी मांडण्यात तिचं बालपण गेलं आणि सासरी उरलेलं आयुष्य. कुवेतला यायला ती कितीतरी वर्षं तयार नव्हती. शेवटी आली, पण धक्क्यावर ट्रंक उचलू देण्याआधीच तिने नवऱ्याला सांगितलं होतं, "छपरातून पाणी आत आलं ना, तर मी आल्या बोटीने माघारी. मग तुमी नि तुमचं कुवेत."

म्हणून झहूरने डोकं लावलं आणि त्याला बू नासिरच्या योजनेतली खोट सापडली. वर माती टाकायची आणि ती वाहून जायला पन्हळी मोकळ्या ठेवायच्या? माती जाते ती बांध नसल्यामुळे, हे कोकणात शेळीलाही ठाऊक असतं. शुक्रवारी त्याने बदरुद्दीनला बोलावलं. बदरुद्दीन त्याच्याच तालुक्यातला आणि सर्व विषयांतला जाणकार. दोघांनी माती चोपली, चहूबाजूंनी गुडघाभर बांध घातला आणि पन्हळींत गोणपाट कोंबून वर चिखल लिंपला. बदरुद्दीन बांधावरून अनवाणी फिरला.

"भात लावलंस तरी पोटरीला येईल, लोंब्या धरेल," तो म्हणाला. याहून मोठं प्रमाणपत्र त्याच्याकडे नव्हतं.

पाणी जाणार कुठे, असं रहिमाने खालून विचारलं. ऊन कशाला आहे, असं झहूरने वरून सांगितलं.

त्या हिवाळ्यात असा पाऊस आला की म्हाताऱ्यांनाही मागचा तसा आठवेना. शेजाऱ्यांची छतं गळू लागली. झहूरकडे मात्र टिपूस नाही. तो शेजाऱ्यांना बोलावून, प्रदर्शन दाखवावं तसं कोरडं घर दाखवू लागला. दुसऱ्या दिवशी वासे पोट सुटल्यासारखे खाली वाकले. रहिमाने बोट दाखवलं. ही आफ्रिकेची लाकडं जन्मतःच वाकडी असतात, असा खुलासा झाला. रहिमाने वाद घातला नाही. बू नासिरच्या बायकोची चाळण परत करायची आहे म्हणून ती निघाली आणि चाळणीबरोबर ट्रंक, गादी व तांदळाचा डबाही घेऊन गेली.

झहूर दारात उभा राहून बदरुद्दीनला बांधाचं महत्त्व सांगत असताना छत खाली आलं. बांधासकट. गल्लीतल्या बायका बादल्या घेऊन धावल्या, एरवी विकत घ्यावं लागणारं गोडं पाणी फुकट कोण सोडतो?

कमरेपर्यंत भिजलेला झहूर बू नासिरच्या दारात गेला आणि त्याने आपली बाजू मांडली: गळती झालेली नाही, छत पडलं आहे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

पडद्याआडून रहिमा म्हणाली, "बरोबर हाय. बोट कदी सुटते तेवढं इचारून या."

बू नासिर मधे पडला. बोटीला अवकाश आहे, तोवर याने छत घालावं, ते बघून बाईने ठरवावं. त्याला संसाराची काळजी नव्हती, घराची होती.

झहूर विजार वर खोचून गल्लीत चिखल तुडवू लागला. सावलीत खुर्ची टाकून बू नासिर चुका काढत होता. शुक्रवारी कोकणी मंडळी पाहणीला आली. बदरुद्दीनने ढिगाऱ्याभोवती फेरी मारली आणि निदान केलं, "बांध एक वीत कमी पडला." सगळ्यांना पटलं. खरं तर झहूरलाही पटलं. वितीने भागलं नसतं, हात तरी हवा होता, हे सांगायला त्याने तोंड उघडलं.

समोर बू नासिरच्या खिडकीत रहिमा उभी होती.

झहूरने तोंड मिटलं. मग बू नासिरकडे वळून त्याने हळूच विचारलं, पन्हळीचं तोंड किती रुंद ठेवायचं असतं?