धूर पिणारा देव

"पेला! देवानं धूर पेला!" कोणीतरी बोंबललं अन् खुशालरावाच्या बैठकीतली शंभर माणसं एकदम हात जोडून वाकली. मीही वाकलो. नसतो वाकलो तर मागच्या म्हातारीनं मान धरून वाकवलं असतं.

एकोणसाठचा उन्हाळा. सारं अकोला त्या घराकडे लोटलं होतं. देवघराच्या भिंतीत पितळी जाळी, जाळीपुढं मूर्ती, मूर्तीपुढं धूपदाणी. धूपानंद महाराज प्रश्न विचारत अन् चिमटा वाजवत. एकदा वाजला की मूर्तीमागून घुम्म्म असा ओंकार उठे, अन् धूर वाकडा होऊन सरळ जाळीत शिरे. म्हणजे देव "हो" म्हणाला. दोनदा वाजला की ओंकार नाई. धूर आपला छताकडे. म्हणजे "नाई".

"तुमचा डाक्टर नाडी देखता है," महाराज गरजत, "आपुन परमात्म्याचा श्वास देखता है!"

परमात्म्याले धूप मात्र खुशालरावाच्याच दुकानातला लागे. दुसऱ्या दुकानातला तो हुंगतही नसे.

मी पंजाबराव, वायरमन. हसू दाबता दाबता माह्या पोटात कळ येऊन राहिली होती. कारण त्या देवाचं नाक मीच बसवलं होतं.

झालं असं. महिन्याआधी खुशालरावानं मले न्हाणीत एक्झॉस्ट पंखा बसवायले बोलावलं. लोकाइच्या घरी माणसाले पंखा नव्हता, अन् याच्या न्हाणीले पाहिजे होता! मी गल्लीकडच्या भिंतीवर खडूनं खूण केली.

"तिथं नाई. ह्या भिंतीत," खुशालराव म्हणाला.

"शेट, ह्या भिंतीपलीकडे देवघर आहे. न्हाणीची वाफ देवाच्या अंगावर सोडता काय?"

"तोंड उलटं बसव. हवा देवघरातून न्हाणीत आली पाहिजे."

"मंग न्हाणीतली वाफ कुठं जाईन?"

"तू पंखा बसव ना बाप्पा!"

बसवला. मले वाटलं, उदबत्तीच्या धुरानं मालकाचे डोळे चुरचुरत असतील. पंधरा दिवसांनी महाराज उगवले, तवा डोक्यात उजेड पडला. म्हटलं चालू द्या, फुकटचा तमाशा आहे.

तर त्या दिवशी बैठकीत हसू दाबत उभा होतो, तेवढ्यात आमच्या शेजारच्या इंदूबाई पुढं झाल्या. पदराखाली नऊ वर्षांची शालू, पोटरीले फडकं. तीन दिवसांआधी तिले कुत्रं चावलं होतं. डॉक्टरनं सांगतलं होतं, पोटात चौदा सुया, अन् आजपासूनच. कावून, की ते कुत्रं काल लाळ गाळत गाळत मेलं होतं.

"महाराज, अंगाऱ्यानं माही पोरगी बरी होईन का?"

चिमटा एकदा वाजला. घुम्म्म! धूर जाळीत.

"सुई की जरूरत नहीं!" महाराजांनी जखमेवर अंगारा फासून फडकं पुन्हा बांधलं.

माह्यं हसू तिथंच मेलं. बाहेर मी त्याइले गाठलं. "वहिनी, दवाखान्यात चाला."

"देवानं हो म्हटलं न भाऊ. अन् एवढ्याशा लेकराच्या पोटात चौदा सुया!"

"चार वाजता अजून एकदा विचारा. तवाही देव हो म्हणाला, तर मी तोंड उघडणार नाई."

दुपारी महाराज जेवून घोरत होते. मी पाना घेऊन मागच्या दारानं न्हाणीत शिरलो. तिथं पालथ्या बादलीवर सूर्यभान बसला होता, महाराजांचा चेला. हात बटनाजवळ.

"पंख्याचा आवाज वाढला," मी म्हटलं. "तेल नाई दिलं तर ओंकाराची शिट्टी होईन."

"जल्दी करा जी," सूर्यभान घाबरला. "मी तोवर बिडी पिऊन येतो."

चार नट सोडले. पंखा काढला, फिरवला, उलट्या तोंडानं बसवला. नट आवळले. वरून दोन थेंब तेलही दिलं. काम आपलं इमानदारीचं.

चार वाजता पुन्हा गर्दी. इंदूबाईनं तोच प्रश्न विचारला. महाराजांनी डोळे मिटून, छाती फुगवून चिमटा एकदा वाजवला.

घुम्म्म! अन् देवानं जे फुंकलं! सारा धूर, सारी राख महाराजांच्या दाढीत. मागून मोरीचा ओला वास असा आला, की पहिल्या रांगेनं नाकाले पदर लावले. महाराज खोकून खोकून लाल झाले. पण माणूस मोठा हुशार.

"देव कोपला! ह्या बाईच्या मनात सुईचा विचार आला!"

इंदूबाई माह्याकडे वळल्या. मंग हळूच म्हणाल्या, "भाऊ, देव नाई म्हणाला न? म्हणजे दवाखान्यात जा म्हणते का?"

खरं सांगतो, "हाव" म्हणायचा लई मोह झाला. एका शब्दात काम झालं असतं. पण मंग माह्यात अन् महाराजात फरक तो काय? उद्या कोणी चार नट पुन्हा फिरवले, की ही बाई सुया अर्ध्यात सोडणार.

"वहिनी, देवाले राहू द्या. माह्यासंग न्हाणीत या. सारेच या!"

"पंजाबराव! खबरदार!" खुशालराव आडवा आला. पण शंभर माणसांपुढं एक माणूस किती आडवा होईन? दार ढकललं. बादलीवर सूर्यभान, बोट बटनावर, तोंड उघडं.

"हा पंखा. हवा जिकडे फेकन, धूर तिकडे जाईन. चिमटा एकदा वाजला की हा चेला बटन दाबते. दुपारी मी पंखा उलटा केला. म्हणून धूरही उलटा आला. वहिनी, तुमीच दाबून पाहा."

इंदूबाईनं बटन दाबलं. घुम्म्म. सोडलं. चूप. पुन्हा दाबलं. पुन्हा सोडलं. मंग शालूच्या पायावरचं फडकं सोडलं अन् तिथल्या हंड्यातल्या पाण्यानं अंगारा धुऊन टाकला. खाली दातांच्या चार खुणा, सुजलेल्या.

"दवाखाना किती वाजेलोक उघडा असते जी?"

"आता गेलो तर भेटन."

मागं महाराजांचं काय झालं, ते पाहायले मी थांबलो नाई. माह्यासाठी हे मोठंच नुकसान. असा तमाशा मी जन्मात सोडला नव्हता. शालूले खांद्यावर घेतलं अन् निघालो. पहिल्या सुईले तिनं दवाखाना डोक्यावर घेतला अन् माह्या हाताले कडकडून चावली.

पोरगी चौदाही सुया घेऊन जगली. म्हणून सांगतो, कुत्रं चावलं तर जखम साबणानं धुवा अन् त्याच दिवशी डॉक्टर गाठा. चमत्कार दिसला, की आधी भिंतीमागं जाऊन पाहा. देवाले काही विचारायचंच असन, तर दवाखान्यातून आल्यावर विचारा. विचारायले लेकरू तरी संग राहीन.