पहिल्या दिवसाचं पाणी

बी.एस्सी. होऊन मी कोलशेतच्या रंगांच्या कारखान्यात चिकटलो तो तात्पुरता केमिस्ट म्हणून. सहा महिने झाले, आणखी सहा झाले, पण नावापुढचं तात्पुरतं काही हलेना. डोंबिवलीला माझ्या घरी सासरे दर रविवारी यायचे आणि पायातल्या वहाणा काढता काढताच विचारायचे, "काय विठ्ठलराव, झालात का कायम?" माझी तब्येत त्यानंतर विचारायचे, तीही आठवण राहिली तर.

सत्तावन्न सालच्या डिसेंबरात मॅनेजरसाहेबांनी मला बोलावलं. कारखान्याच्या क्लबातल्या पोहण्याच्या तलावाला भेगा गेल्या होत्या, म्हणून दिवाळीनंतर आतून पांढऱ्या सिमेंटचं नवं प्लास्टर झालं होतं. संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी चेअरमनसाहेब मुंबईहून येणार होते आणि त्यात पहिली उडी मारणार होते. त्यांना पोहण्याचा नाद होता.

"पाणी स्वच्छ पाहिजे," मॅनेजरसाहेब म्हणाले. "तेवढं झालं, की त्याच दिवशी तुमच्या कायमच्या कागदावर त्यांची सही घेतो. नाही झालं, तर दुसरा केमिस्ट बघावा लागेल."

नव्या प्लास्टरचा एक दुर्गुण असतो. ते महिनाभर पाण्यात चुना सोडत राहतं. मग पाणी तांदळाच्या धुवणासारखं होतं, अंगाला चरचरतं आणि डोळ्यांची आग करतं. उपाय म्हणजे ॲसिड. पण ॲसिड जास्त झालं तर ते प्लास्टरच खातं, म्हणून हात आखडता ठेवावा लागतो. मी रोज सकाळी तलावाचं पाणी नळीत घेऊन त्यात फिनॉल रेडचे थेंब टाकायचो. रंग लाल आला की चुना वाढला समजून बादलीत ॲसिड पातळ करायचं आणि काठाने चालत थोडं थोडं सोडायचं. संध्याकाळी रंग नारिंगी यायचा, मी खूश होऊन घरी जायचो, आणि सकाळी पुन्हा लाल. असे अठरा दिवस गेले.

पंपावर राघो होता. जन्म मिठागरात गेलेला माणूस. तो माझ्या नळ्यांकडे बघायचा आणि विडी विझवून कानावर ठेवायचा. "सायेब, पानी अजून नवा हाय," म्हणायचा. "त्याला घाई केली तं त्यो उलटा वागतो." हे शास्त्र कुठल्या विद्यापीठाचं, असं मी एकदा विचारलं. त्याने खाडीकडे बोट दाखवलं.

त्याची बायको बायजा क्लबाचं अंगण झाडायची. संक्रांतीच्या आधी चार दिवस ती माझ्यासमोर येऊन उभी राहिली. तलाव आहे तिथे पूर्वी त्यांच्या गावाची बाव होती, म्हणजे विहीर. कारखान्याने जमीन घेतली आणि बाव बुजवली. आता तिथेच पुन्हा पाणी आलंय, तर कोणी उतरायच्या आधी तिला आसरांची ओटी भरायची होती. आसरा म्हणजे पाण्यातल्या देवी.

"ओटीत काय काय असतं?" मी विचारलं.

"नारल, तांदूल, हलद, कुकू."

हळद ऐकल्यावर माझं डोकंच फिरलं. मी तिला पांढऱ्या प्लास्टरवर हळदीचा डाग कसा बसतो ते सांगितलं. अठरा दिवसांची माझी मेहनत सांगितली. देवी वगैरे अंधश्रद्धा आहे, हेही सांगून टाकलं. तिने सगळं शांतपणे ऐकून घेतलं, "बरा," म्हणाली आणि झाडू उचलून गेली. आपण फार बोललो असं मला त्या वेळी वाटलं नाही, हे कबूल करतो.

पुढचे तीन दिवस सकाळ-संध्याकाळ नारिंगी रंग आला. पाणी इतकं नितळ झालं, की तळाला पडलेला राघोचा पाना काठावरून दिसला. संक्रांतीच्या संध्याकाळी मी फिनॉल रेडची बाटली लॅबच्या कपाटात ठेवली, कपाटाला कुलूप लावलं आणि तिळगूळ घ्यायला घरी गेलो.

दुसऱ्या दिवशी इस्त्रीचा सदरा घालून क्लबात आलो, तर सगळं जग पांढरं झालेलं. आमचे ओव्हरसियर भाऊ जुन्या वळणाचे. मोठा साहेब येणार म्हटलं की ते चुना काढायचे. झाडांची खोडं, रस्त्याकडेचे दगड, कुंड्या, दिव्याचे खांब, सगळ्यांवर हात फिरायचा. वाटेत उभा राहिला तर माणसालाही ते सोडणार नाहीत असं कारखान्यात म्हणायचे.

"तलावाच्या काठालाही दोन हात मारले," भाऊ म्हणाले. "कसं खुललंय बघा."

"पाण्यात चुना गेला नाही ना?"

"छे, छे."

पाणी नितळच दिसत होतं. बाटली लॅबमध्ये होती आणि फाटकाशी गाडीचा भोंगा वाजला. मी पाणी पुन्हा तपासलं नाही.

चेअरमनसाहेब अंगावर टॉवेलचा झगा घालूनच आले. सोबत त्यांच्या पत्नी विमलाबाई. हार झाले, मॅनेजरसाहेबांचं भाषण झालं. त्यात 'आमचे केमिस्ट' असा माझा उल्लेख दोनदा आला, आणि दोन्ही वेळा तात्पुरते म्हटलं नाही. साहेब झग्याची गाठ सोडणार, तेवढ्यात बायजा हातात ताट घेऊन पुढे आली. मॅनेजरसाहेबांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू तिला मीच जन्म दिला होता.

"ओटी का गं?" विमलाबाई म्हणाल्या. "भर ना. नवं पाणी आहे, भरायलाच हवी."

बायजा पायरीवर बसली. नारळ सोडला, तांदूळ टाकले. मग चिमूटभर हळद घेऊन पाण्यात सोडली.

हळद लाल झाली.

लोकांच्या तोंडून एकदम आवाज निघाला. विमलाबाईंनी हात जोडले. "कुंकू झालं," त्या म्हणाल्या. "देवीने घेतली ओटी."

देवीने काही घेतलेलं नव्हतं. हळदीत चुना मिसळला की ती लाल होते, हे बी.एस्सी.ला शिकवतात. आमच्या आईला ते न शिकवता येत होतं. पाण्यात चुना होता, आणि थोडाथोडका नव्हता. चेअरमनसाहेबांनी त्यात उडी मारली असती, तर डोळे चोळतच बाहेर आले असते. मी बोलायला हवं होतं. तोंड उघडलंही. पण समोर मॅनेजरसाहेब होते, त्यांच्या हातातल्या फायलीत माझा कागद होता, आणि माझ्या तोंडून शब्द फुटला नाही. आजही त्याची लाज वाटते.

झग्याची गाठ सुटली.

"सायेब," बायजा म्हणाली, "आज उतरू नका. नव्या पान्याचा पयला दिस आसरांचा. मानसानी दुसरे दिशी उतरायचा."

"बाई, मी मुंबईहून आलोय पोहायला," साहेब म्हणाले.

"अहो, रीत आहे त्यांची," विमलाबाई म्हणाल्या. "उद्या सकाळी पोहा. आपण ठाण्यालाच राहू." साहेबांनी पाण्याकडे पाहिलं, बायकोकडे पाहिलं आणि गाठ पुन्हा बांधली. मग चहा झाला. चहा पिता पिता त्यांनी फायलीत सह्या केल्या. दुसरी सही माझ्या कागदावर होती.

सगळे गेल्यावर मी लॅबकडे धावलो, बाटली आणली आणि नळी पाण्यात बुडवली. लालभडक. राघो ॲसिडचा कॅन आधीच काठाशी आणून ठेवून बसला होता. बायजा अंगण झाडत होती.

"तुला कसं कळलं?" मी विचारलं.

"काल सांजला भाऊंच्या मानसानी ब्रश नि बादल्या हितंच धुतल्या. उरलेला चुनाबी हितंच वतला. तुला सांगाया आयली, तं तू घरा गेलेला."

"आणि पहिला दिवस आसरांचा, ही रीत तुमच्यात आहे?"

ती झाडायची थांबली. "नाय रे दादा. आमचे बावीन तं पयल्याच दिशी पोरांनी उड्या मारलेल्या."

 माझं बोलण्यासारखं होतं ते पाच दिवसांपूर्वीच बोलून झालं होतं.

"पानी सुधारला की मना सांग," ती म्हणाली. "आजची ओटी तुज्यासाठी झाली. आसरांची ऱ्हायलीय."

ते पाणी संध्याकाळपर्यंत नारिंगीवर आलं, आणि उजाडतानाही नारिंगीच राहिलं. साहेब यायच्या तासभर आधी मी बायजाला बोलावलं. तिने पुन्हा नारळ सोडला, तांदूळ टाकले, आणि या वेळी चांगली मूठभर हळद सोडली. मी रोजची वही काढून तारखेसमोर लिहिलं, 'फिनॉल रेड : नारिंगी. हळद : पिवळी.'

तिसऱ्या पायरीवर पिवळा डाग बसला. साहेब पोहून गेल्यावर मॅनेजरसाहेबांनी तो पाहिला आणि हे काय म्हणून विचारलं.

"नव्या प्लास्टरला असं होतं," मी सांगितलं. "मी कायम आहे तोवर तो पुसू नये."