लमारच्या दोरीची धून

व्हर्नाने डोळे मिटले आणि सुती हातमोजा घातलेला पंजा मागच्या दारावरून अलगद फिरवला. गाडीचा नुसता सांगाडा, अजून रंगही न लागलेला, पट्ट्यावरून पुढे सरकत होता आणि ती त्याच्या जोडीने चालत होती. खिडकीच्या खालच्या कडेशी तिचा हात थबकला. तिने कमरेला लावलेला मेणखडू काढून तिथे गोल काढला.

"पुन्हा?" पुढे हातोडी घेऊन उभ्या असलेल्या लमारने विचारलं.

"पुन्हा. त्याच जागी. हा सहावा."

लमार वाकला. दाराच्या आतून लाकडी ठोकळा टेकवला, बाहेरून तीन हलक्या टिचक्या दिल्या, वरून कानस फिरवली. सांगाडा आठ पावलं पुढे जाईपर्यंत उंचवटा गेला होता. हे त्या दोघांचं काम. तिने हाताने दोष हुडकायचा आणि त्याने चालता चालता तो काढायचा. एकोणीस वर्षं त्यांनी हेच केलं होतं.

डोक्यावरून पट्ट्याच्या कडेने दोरी गेलेली होती. ती ओढली की पट्टा थांबे आणि पट्टा पुन्हा सुरू होईपर्यंत एक धून वाजत राही. प्रत्येक जागेची धून वेगळी, म्हणजे लांबूनही कळावं की कुणी थांबवलंय. व्हर्नाची धून आइस्क्रीमच्या गाडीसारखी होती आणि ती सगळ्या टोलन कारखान्याला पाठ होती. लमारची धून मात्र कुणीही ऐकलेली नव्हती. या दोऱ्या बसवून पंधरा वर्षं झाली, त्याने आपल्या दोरीला एकदाही हात लावला नव्हता. तो कामाला लागला तेव्हा पट्टा थांबवणाऱ्याला डबा घेऊन घरी पाठवत. दोऱ्या आल्या, नियम बदलले, पण सुंभ जळला तरी पीळ जात नाही. व्हर्नाने गोल काढावा आणि आपल्याला तो चालता चालता पुसता येऊ नये, ही कल्पनाच त्याला सोसत नसे.

आणि तो दिवस तर भलताच नाजूक होता. मार्च महिना, बाहेर अजून बर्फ. सरकारने बुडत्या कंपनीला नाताळाच्या आधी हात दिला होता, आणि आता त्या हाताला बोटंही फुटली होती. हीच गाडी टोलनमध्ये बनत होती आणि ओहायोतल्या कारखान्यातही. दोन्हींतला एकच कारखाना राहणार होता. कोणता, ते बघायला वॉशिंग्टनहून माणसं आली होती. सकाळीच सुपरवायझर व्हर्नाच्या कानाशी येऊन सांगून गेला होता, "आजचा दिवस दोरीकडे बघू नकोस, बाई. हात जोडतो."

सातवा सांगाडा आला. व्हर्नाचा हात त्याच जागी थबकला.

"मी काढतोय ना," लमार म्हणाला. त्याचा शर्ट पाठीला चिकटला होता.

"तू साठ काढशील. पुढच्या सहाशेंचं काय? साच्यातच काहीतरी अडकलंय."

"आज नको, व्हर्ना."

तिने दोरी ओढली.

आइस्क्रीमची गाडी सगळ्या शेडभर फिरली. पट्टा थांबला. लांबच्या टोकाला कोट घातलेली माणसं वळून बघू लागली. त्यांच्यातली एक तरुण बाई, गळ्यात ओळखपत्र आणि हातात वही, सरळ चालत इकडे आली. तिचं नाव मेरेडिथ क्लाइन होतं आणि बऱ्याच दिवसांची झोप तिच्या डोळ्यांत साठलेली होती.

"का थांबवलंत?" तिने विचारलं.

व्हर्नाने हातमोजा काढून तिच्या हातात दिला. "घाला. आता इथून फिरवा."

बाईने हात फिरवला.

"काही लागलं?"

"नाही."

"खरं बोललात, बरं वाटलं. आमच्या मॅनेजरला नेहमी लागतं."

लमारने हसू दाबलं नाही, कारण त्याला हसू आलंच नव्हतं. तो कानस पुसत उभा होता.

"डोळे मिटा," व्हर्ना म्हणाली. "दाबू नका. मांजराच्या पाठीवरून फिरवतो तसा फिरवा. पुन्हा."

तिसऱ्या खेपेला बाईची बोटं थांबली. "इथे? केस अडकल्यासारखं काहीतरी."

"तोच तो. मला शिकायला दोन वर्षं लागली होती."

"पण घेणाऱ्याला हे कळेल?"

"दुकानात नाही कळणार. पण घरी नेल्यावर रविवारी सकाळी तो गाडी धुईल, कडेने ऊन येईल, तेव्हा दिसेल. मग तो रोज तेवढंच बघेल."

बाईने वहीत काहीतरी लिहिलं, हातमोजा नीट घडी करून परत दिला आणि गेली. तेवढ्यात पत्रे दाबायच्या विभागातून निरोप आला. साच्यात धातूचा एक बारीक कीस अडकला होता. तो फुंकून काढला आणि पट्टा सुरू झाला. सगळं मिळून अकरा मिनिटं गेली होती.

"टीव्हीवर रोज सांगतात की आपण ताशी सत्तर डॉलर घेतो आणि झोपा काढतो," लमार हातोडी उचलत म्हणाला. "माझ्या बायकोने ऐकलं तर विचारेल, उरलेले कुणाला देतोस म्हणून. आणि आज ते बघायला आले, तर त्यांना काय दिसलं? पट्टा उभा आणि आपण उभे. नेमकं आजच, व्हर्ना."

आणि तो पुढच्या सांगाड्याकडे वळला.

जूनच्या पहिल्या आठवड्यात निकाल लागला. ओहायो राहिलं, टोलन गेलं. सप्टेंबरच्या शेवटच्या शुक्रवारी शेवटची गाडी निघायची होती. कारणांचा कागद सूचना फलकावर लावला होता. त्यात मागणी, वाहतूक, इमारतीचं वय असं बरंच काही होतं. पट्टा थांबल्याचा शब्दही त्यात नव्हता. पण कारणं वाचतो कोण? कोपऱ्यावरच्या बारमध्ये लोक दोनच शब्द बोलत, "अकरा मिनिटं." व्हर्ना आत आली की तेही बोलत नसत.

लमारने तिला दोष दिला नाही. त्याने फक्त जेवायचं टेबल बदललं. एकोणीस वर्षं तिच्या डब्यातले पिरोगी, म्हणजे बटाटा भरलेल्या उकडलेल्या करंज्या, त्याच्याकडे जात आणि त्याच्या बायकोने, ओडेसाने, केलेल्या मक्याच्या पावाचा तुकडा तिच्याकडे येई. आता तो खिडकीशी बसे, पाठ करून. कुणी चारचौघांत शिव्या घातल्या असत्या तरी व्हर्नाला इतकं लागलं नसतं. घरी ताटल्या धुताना तिचा पंजा ताटलीवर थांबे, पुन्हा फिरे, पुन्हा थांबे. दोरी ओढली नसती तर? एका गावाची भाकरी एका केसाएवढ्या उंचवट्यापायी गेली असेल तर? त्या बाईने वहीत काय लिहिलं असेल? नळ वाहत राही.

इथे एक गोष्ट सांगायलाच हवी. कारखान्याच्या मरणाची तारीख भिंतीवर लागली होती. आता उद्याच उरला नाही म्हणून कुणीही हात सैल सोडले असते आणि त्यांना कोण काय म्हणणार होतं? पण त्या जवळजवळ चार महिन्यांत टोलनमधून जितक्या नेटक्या गाड्या निघाल्या तितक्या आधी कधीच निघाल्या नव्हत्या. कुणी भाषण केलं नव्हतं, कुणी बक्षीस लावलं नव्हतं. उंटावरून शेळ्या हाकणाऱ्यांनी या माणसांना आळशी म्हटलं होतं. टोलनच्या या माणसांविषयी मला आजही अभिमान वाटतो आणि तो लपवायचं मला काही कारण दिसत नाही. त्या दिवसांत लमार आणि व्हर्ना एकमेकांशी बोलत नव्हते, तरी तिने काढलेला एकही गोल त्याने पुसल्याशिवाय पुढे जाऊ दिला नाही.

शेवटच्या शुक्रवारी अकराच्या सुमाराला शेवटचा सांगाडा आला. त्याच्या मागे पट्टा रिकामा होता आणि त्या रिकाम्या पट्ट्याच्या दोन्ही बाजूंनी माणसं चालत येत होती. आपापलं काम संपलं की घरी न जाता ती गाडीच्या मागे लागली होती. छताच्या आतल्या बाजूला सगळ्यांनी सह्या केल्या होत्या, गाडी पुरी झाल्यावर त्या अस्तराखाली झाकल्या जाणार होत्या. पट्ट्याच्या टोकाला मॅनेजर केक घेऊन उभा होता आणि टीव्हीवाल्यांनी दिवे लावले होते.

व्हर्नाने डोळे मिटले. छताचा खांब, पुढचं दार, मागचं दार. मागच्या कोपऱ्याला दिव्याच्या खाचेजवळ तिचा हात थबकला.

तिने डोळे उघडले. दोरी तिच्या डोक्यावर हातभर अंतरावर होती. तिने दोरीकडे पाहिलं, टीव्हीवाल्यांच्या दिव्यांकडे पाहिलं, मग मागे चालणाऱ्या माणसांच्या चेहऱ्यांकडे. मेणखडूने तिने एक गोल काढला, नेहमीपेक्षा लहान. हात मोज्यासकट खिशात घातला आणि ती बाजूला झाली.

लमारला गोल दिसला. त्याने उघडा अंगठा त्यावरून नेला. अगदी किरकोळ उंचवटा होता. चार पावलांचं काम. असे हजारो त्याने झोपेतही काढले असते, हे तिला माहीत होतं आणि त्यालाही. त्याने हातोडी हातात घेतली, गोलाकडे पाहिलं, मग व्हर्नाच्या खिशाकडे.

त्याने हातोडी पुन्हा कमरेला खोवली, हात वर केला आणि दोरी ओढली.

पट्टा थांबला. शेडमध्ये एक धून वाजू लागली. लहान मुलीच्या गाण्याच्या पेटीतून निघावी तशी किणकिणती, लाजरी. ती कुणाची हे क्षणभर कुणालाच कळलं नाही.

"ही तुझी?" मागून कुणीतरी म्हणालं. "पंधरा वर्षं हीच लपवत होतास होय?"

हशा पिकला आणि हळूहळू विरला. सुपरवायझर धावत आला. "लमार, टीव्हीवाले थांबलेत."

"थांबू दे," लमार म्हणाला. "घाई कसली आहे?"

त्याने आतून लाकडी ठोकळा टेकवला. एक टिचकी, दुसरी, तिसरी. मग कानस घेतली आणि सावकाश, जागेवर उभा राहून, फिरवली. एवढी माणसं होती, पण कुणी हललं नाही. काम झाल्यावर तो एक पाऊल मागे सरला.

"बघ," तो म्हणाला.

व्हर्नाने खिशातून हात काढला. डोळे मिटले. पंजा कोपऱ्यावरून गेला आणि परत आला.

"अजून जरा," ती म्हणाली.

लमारने मान हलवली आणि पुन्हा कानस उचलली. धून वाजत राहिली.